ट्रेडमिल, पावणेदोन फूट जागा आणि तीन वर्षांची चिमी: एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण डोंबिवली पूर्वेच्या एका टू बीएचके घरातलं आहे. नावं देत नाही, ओळख पटेल असे बारीक तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन व्यायाम करून घेते आणि या घरात माझं येणंजाणं काकांच्या गुडघ्यामुळे सुरू झालं.

काका ६९ वर्षांचे. आदल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली, उजवा गुडघा झिजलेला, वजन ८६ किलो. काकूंना तसा काही त्रास नाही, पण दिवसभर नात सांभाळून संध्याकाळी कंबर धरतात. दादा म्हणजे मुलगा, अडतिशीतला, वजन ९४, आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम. वहिनी रोज लोकलने मुंबईला. आणि चिमी, वय वर्षे तीन, जिचं मुख्य काम म्हणजे जे हलतंय त्याला हात लावून बघणं.

कार्डिऑलॉजिस्टनी काकांना रोज अर्धा-पाऊण तास चाला असं सांगितलेलं. आता डोंबिवलीत चालायचं कुठे हा प्रश्न ज्यांनी तिथली फुटपाथ बघितलीत त्यांना समजावून सांगायला नको, अर्धी फेरीवाल्यांची, उरलेली पार्क केलेल्या स्कूटरची, आणि पावसाळ्यात तर खड्डा आणि डबकं यातला फरक पाय आत गेल्यावरच कळतो. काका जूनमध्ये एकदा घसरता घसरता वाचले, तेव्हापासून काकूंनी बाहेर सोडणं बंद केलं. तीनेक महिने चालणं बंद, वजन वाढलं, गुडघा आणखी आखडला.

मग दसऱ्याच्या आधीचा ऑनलाईन सेल आला. दादाने फोल्डिंग ट्रेडमिल शोधून काढली, '४ एचपी पीक', ब्लूटूथ स्पीकर, मसाजर फुकट, किंमत वीस हजारांच्या आत. कार्टमध्ये टाकून झालं होतं, कार्डाचे डिटेल भरायचे बाकी. वहिनीने थांबवलं, म्हणाली ताई परवा येणारच आहेत, त्यांना एकदा दाखवू. दादाचं म्हणणं सेल परवापर्यंत राहत नाही. (सेल दिवाळीपर्यंत राहिला, आणि दिवाळीनंतर दुसऱ्या नावाने परत आला.)

अडचण नेमकी कुठे होती

मला विचारलं गेलं ते असं, "ताई, ही कंपनी चांगली आहे का?" या प्रश्नाला उत्तर देण्यात फारसा अर्थ नव्हता. मशीन चांगलं की वाईट हे त्या घरात कोण वापरणार, कुठे ठेवणार आणि आजूबाजूला कोण फिरणार यावर ठरतं. इथे एकाच मशीनवर तीन वेगळी माणसं येणार होती, हार्टच्या गोळ्या घेणारे आणि गुडघा दुखणारे काका हळू चालणार, ९४ किलोचा दादा पळणार, आणि चिमीला कोणी बोलावलेलं नसताना ती रोज तिथे असणार.

काकांचं आधी बघितलं. ते बीटा ब्लॉकर घेतात. या गोळीने हृदयाचे ठोके मुद्दाम कमी राखले जातात, त्यामुळे २२० वजा वय या सूत्राने काढलेलं ठोक्यांचं टार्गेट त्यांना लागूच पडत नाही, आणि मशीनच्या दांड्यावर पकडायच्या पल्स सेन्सरवर विसंबून स्पीड वाढवत नेलं तर माणूस दमून कोसळेपर्यंत स्क्रीन बिचारी नॉर्मलच दाखवत बसेल. ते सेन्सर तसेही हलत्या हाताने धड मोजत नाहीत. मशीनच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की हे वैद्यकीय उपकरण नाही, फक्त ते कोणी वाचत नाही. म्हणून पहिलं काम दुकान नाही, डॉक्टर. दादाने फोन लावला, डॉक्टरांनी काकांची आधी झालेली स्ट्रेस टेस्ट बघून सांगितलं की सपाटीवर चालणं, बोलता येईल इतक्या वेगाने, चढ नको, आणि सायकल चालवली तरी माझी हरकत नाही. हे शेवटचं वाक्य तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही.

मग जागा. ट्रेडमिल बेडरूममध्ये ठेवायची ठरलेली, पलंग आणि कपाट यांच्या मधे. वेबसाईटवरून लांबीरुंदी घेतली, १६५ बाय ७३ सेंटिमीटर, आणि मी वहिनीला म्हटलं जुने पेपर आण. जमिनीवर पेपरची पानं सेलोटेपने जोडून मशीनच्या मापाचा चौकोन केला. पुढची बाजू खिडकीला चिकटवली तरी मागे भिंतीपर्यंत उरले ५५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन फूट. दादा म्हणाला, मग? उतरायला पुरेशी आहे की. तेवढ्यात चिमी त्या पेपरांवर येऊन उड्या मारायला लागली आणि उडी मारून झाली की बरोब्बर त्या पावणेदोन फुटांत जाऊन उभी राहायची, कारण तिथेच तिच्या खेळण्यांचा खोका होता.

त्या मॉडेलचं मॅन्युअल पीडीएफमध्ये मिळालं. विक्रीच्या पानावर जागेबद्दल चकार शब्द नव्हता, मॅन्युअलच्या दुसऱ्या पानावर मात्र ठळक लिहिलेलं, मशीनच्या मागे किमान २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद जागा मोकळी हवी. काही अमेरिकन मॅन्युअलमध्ये तर मागे ८ फूट आणि दोन्ही बाजूंना २-२ फूट सांगतात. हे उगाच नाही. पट्टा माणसाला मागे फेकतो. मागे जागा असेल तर माणूस पडून पट्ट्यापासून सुटतो, खरचटतं, मार लागतो, पण सुटतो. मागे भिंत असेल तर तो भिंत आणि चालत्या पट्ट्याच्या मधे अडकतो आणि पट्टा थांबेपर्यंत कातडी घासत राहते.

आणखी एक गंमत त्याच मॅन्युअलमध्ये सापडली. विक्रीच्या पानावर वजनमर्यादा ११० किलो, मॅन्युअलमध्ये १००. दादा ९४. कागदावर बसतो, पण पळताना प्रत्येक पावलाचा दणका शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून मी तरी मर्यादेच्या खाली पंधरा-वीस किलोचं अंतर ठेवायला सांगते. आणि दोन ठिकाणी दोन आकडे असतील तर लहान आकडा खरा मानायचा, यात वाद घालायचा नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तो सेलमधलाच. दुसरा, दुकानातून जरा दणकट ट्रेडमिल घेणं, बजेट दुपटीच्या वर जात होतं. तिसरा दादाच्या मित्राने आणला, ओळखीतली एक जिम बंद झाली होती, त्यांची मोठी कमर्शियल ट्रेडमिल पस्तीस हजारात. चौथा वॉकिंग पॅड, म्हणजे ती चपटी, पलंगाखाली सरकणारी पट्टी. पाचवा व्यायामाची सायकल. सहावा काहीच न घेता बिल्डिंगच्या गच्चीवर चालणं, ज्याला काकूंचा पाठिंबा होता कारण फुकट.

वॉकिंग पॅड मी लगेच उडवला. दांडाच नाही, धरायला काही नाही, बऱ्याच मॉडेलना कपड्याला लावायची सेफ्टी क्लिपही नसते (माणूस मागे गेला की दोरीने चावी ओढून पट्टा थांबवणारी), सगळा कारभार रिमोटवर. ऑफिसचं काम करत चालणाऱ्या पंचविशीतल्या माणसाला ठीक असेल, गुडघा आणि तोल दोन्ही कच्चे असलेल्या काकांना नाही.

जिमवाली मशीन बघायला दादा आणि मी दोघं गेलो. मशीन एकदम तगडी, दांडे लांब, पट्टा रुंद, आणि मला वाटलं चला, हे जमण्यासारखं आहे. मग सेफ्टी कीची खाच बघितली. लाल चावी आणि तिची दोरी गायब, त्या जागी फ्रीजवर लावतात तो आंब्याच्या आकाराचा मॅग्नेट चिकटवलेला. म्हणजे मशीनला कायम वाटत राहणार की चावी लागलेली आहे, आणि माणूस पडला तरी पट्टा फिरतच राहणार. विकणारा म्हणाला, अहो दोन वर्षं असंच चाललंय, काही झालं नाही. वर ती मशीन दीडशे किलोच्या आसपास, लिफ्टमध्ये जाईना, आणि तिला स्वतंत्र १६ अँपिअरची लाईन लागणार. दादाने मॅग्नेट काढून त्याच्या हातात दिला आणि आम्ही निघालो.

गच्चीचा पर्याय बराच चांगला होता, पण पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ, उन्हाळ्यात दहानंतर तवा, आणि लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच, पुढचा जिना काकांच्या गुडघ्याला नको. तरी तो पूर्ण सोडायचा नाही असं ठरलं.

उरले ट्रेडमिल किंवा सायकल. दादाचं मन ट्रेडमिलवरच. मी म्हटलं दुकानात जाऊन काकांना उभं करून बघू, मग ठरव.

काय केलं: दुकानातला तास

कल्याणच्या एका दुकानात काका, दादा, वहिनी आणि मी. चिमी काकूंकडे. विक्रेता मुलगा तरतरीत होता, त्याने स्पीकर, स्क्रीन, बारा प्रोग्रॅम, सगळं दाखवलं. मग आम्ही आमचं सुरू केलं.

आधी मशीनच्या पुढे खाली वाकून वायर आत जाते तिथला स्टिकर वाचला. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ५ अँपिअर. म्हणजे २३० गुणिले ५, झाले ११५० वॅट, आणि एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तर ही मशीन बोर्डातून ओढते ते जेमतेम दीड एचपीचं. बाहेर बोर्ड '४ एचपी पीक'चा. खरंच ४ एचपी सतत चालवायचे तर ३००० वॅटच्या जवळ लागतील, म्हणजे १३ अँपिअर, घरातल्या छोट्या पिनेच्या सॉकेटला ते झेपणारच नाही. पीक म्हणजे क्षणभराचा आकडा, बघायचा तो कंटिन्यूअस, म्हणजे मोटर सतत देते तो. याचा सुरक्षिततेशी काय संबंध असं दादाने विचारलं. संबंध असा की अशा मोटरला खरा त्रास पळण्यापेक्षा जड माणसाच्या हळू चालण्याने होतो, फेरे कमी, भार जास्त, आणि मोटरला थंड करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असला तर तोही हळू. मग प्रत्येक पावलाला पट्टा किंचित अडखळतो. तरुण माणसाच्या लक्षातही येत नाही, सत्तरीतल्या माणसाचा पाय मात्र त्या अडखळण्यात अडकतो.

मग सेफ्टी की. विक्रेत्याने चावी लावलेली पण क्लिप दांड्याला गुंडाळून ठेवली होती, म्हणाला, "काका, हे कोणी लावत नाही." आम्ही लावली, आधी दादाच्या टीशर्टला. कमी स्पीडवर तो मागे मागे सरकत गेला. दोरी ताणून चावी निघाली तेव्हा त्याची एक टाच पट्ट्याच्या बाहेर होती. दोरी इतकी लांब की मशीन थांबायच्या आधी माणूस पडलेला असेल. दोरीला गाठ मारून ती आखूड करता येते, आणि करायचीच, पण हे दुकानात कोणी सांगत नाही. चावी परत लावल्यावर पट्टा आपोआप सुरू होत नाही ना हेही बघितलं. नाही झाला.

पुढची चाचणी त्या विक्रेत्याला अजिबात आवडली नाही. मोकळा पट्टा चालू असताना सॉकेटचं बटण बंद करायचं आणि परत चालू करायचं. आपल्याकडे लाईट जाते, येते. लाईट गेली म्हणून काका उतरायला लागले आणि अर्ध्यात असताना लाईट आली तर पट्टा पूर्वीच्या वेगाने फिरायला लागता कामा नये, डिस्प्ले शून्यावर यायला हवा. ही मशीन पास झाली. श्रेय द्यायला हवं तिथे देते.

मागचा रोलर. दुकानातले सगळे समोरून बघतात, मी मागे जाऊन बसते. पट्टा जिथे मशीनच्या खाली वळतो ती फट, तिथे लहान मुलाची बोटं जातात. चालत्या पट्ट्याने मुलांच्या तळहाताला आणि बोटांना होणाऱ्या जखमा खोल असतात, घर्षणाने कातडी भाजून निघते, काही मुलांना त्वचारोपण करावं लागतं, आणि वाढत्या हाताचं बोट वाकडं राहू नये म्हणून पुढे आमच्याकडे बराच काळ यावं लागतं. वहिनीने तोवर फोनवर वाचलं होतं की अमेरिकेत २०२१ च्या मे महिन्यात पेलोटन कंपनीने ट्रेड प्लस नावाच्या ट्रेडमिल परत मागवल्या, साधारण सव्वा लाख नग, कारण माणसं, मुलं, पाळीव प्राणी मागच्या बाजूने मशीनखाली ओढले जाण्याच्या ७० च्या वर तक्रारी होत्या आणि सहा वर्षांचं एक मूल दगावलं होतं. तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाने एप्रिलमध्येच लोकांना सावध केलं होतं, कंपनीने आधी हात वर केले. ती मशीन काही लाखांची होती, म्हणजे महाग घेतलं की प्रश्न मिटला असंही नाही. दुकानातल्या मॉडेलला मागे प्लास्टिकची कॅप होती पण ती फक्त कोपऱ्यांना, मधली पूर्ण रुंदी उघडी.

आणि मग काका चढले. क्लिप लावून, बाजूच्या न हलणाऱ्या कडांवर पाय ठेवून, ताशी एक किलोमीटरवर सुरुवात. दोनपर्यंत ठीक. तीनला काकांनी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला, कंबरेतून वाकले आणि नजर पायांवर. हाताच्या शिरा दिसत होत्या. वहिनीने काहीतरी विचारलं, त्यांनी मान वळवली आणि मान वळेल तिकडे अख्खे काका निघाले, डावा पाय पट्ट्याच्या कडेला. मी चावी ओढली. काही झालं नाही, पण खाली उतरल्यावर "जमीन पुढे सरकतेय" म्हणून ते दोन मिनिटं खुर्चीत बसून होते. हे बऱ्याच जणांना होतं, सवयीने कमी होतं. पण दांडा धरून वाकून चालणं म्हणजे गुडघ्याला आणि तोलाला जो फायदा हवा तो निम्मा गेला, आणि हात सुटला की पडण्याची भीती.

दादा गप्प झाला. माझ्या मते निर्णय तिथेच झाला, जरी तोंडाने कोणी बोललं नाही.

सायकलींकडे वळलो. तिथेही सगळं आलबेल नसतं. स्पिन बाईक, म्हणजे पुढे जड चाक असलेली, दादाला आवडली. मी त्याला म्हटलं जोरात पेडल मार आणि एकदम पाय उचल. पाय उचलले तरी पेडल गरागरा फिरतच राहिली, कारण या प्रकारात चाक आणि पेडल बांधलेली असतात, रस्त्यावरच्या सायकलसारखं मधे सोडून देता येत नाही. बाजूला चिमी उभी असती तर पेडल थेट तिच्या कपाळाच्या उंचीवर.

शेवटी पाठ टेकायची, पाय पुढे ठेवून चालवायची मॅग्नेटिक सायकल घेतली, रिकम्बंट म्हणतात ती. कारणं अशी की चढताना पाय उंच उचलून पलीकडे टाकावा लागत नाही, चाक पूर्ण झाकलेलं, पाय थांबले की पेडल थांबतात, वजनमर्यादा १२० म्हणजे काकांना भरपूर अंतर, डिस्प्ले सेलवर चालतो त्यामुळे विजेचा प्रश्नच नाही. सीट मागेपुढे करायच्या खिळीची खाच धरून जोरात हलवून बघितली, खिळी अर्धवट बसली तरी सीट बसल्यासारखी वाटते आणि भार आला की सरकते, ते काकांना तिथेच दाखवलं. किंमत पंचवीस हजारांच्या आत बसली.

कागदांचंही थोडं. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, तयार झाल्याचा महिना, कस्टमर केअरचा नंबर आहे का बघितलं आणि नंबर दुकानात उभं राहूनच लावून बघितला. सीईचा शिक्का बघून दादा खूश झालेला, पण तो शिक्का बहुतेक वेळा बनवणारा स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो, भारतीय तपासणीचा तो पुरावा नव्हे. उपयोगाची खूण वेगळी होती. मॅन्युअलमध्ये आयएसओ २०९५७ लिहिलेलं होतं, हे एका जागी उभ्या असणाऱ्या व्यायामाच्या मशीनांचं आंतरराष्ट्रीय मानक, आणि पुढे 'क्लास एचसी'. यातला एच म्हणजे घरगुती वापर, एस असेल तर जिमचा. घरगुती मशीन सोसायटीच्या जिममध्ये ठेवली तर वॉरंटी गेली असं बऱ्याच कार्डांवर बारीक अक्षरात असतं.

काय झालं

सायकल बेडरूममध्येच आली, त्याच जागेत, आणि ती ट्रेडमिलपेक्षा लांबीला कमी असल्याने कपाटाचं दार पूर्ण उघडता येत होतं, यावर काकू सर्वात खूश. वापरून झालं की पेडल फ्रेमला एका पट्ट्याने बांधायची आणि खोलीच्या दाराला वर कडी. चिमी आली की काका थांबतात, असा नियम. नियम सुरुवातीला काकाच मोडायचे, नात मांडीवर येऊन बसली की कोण आजोबा उठवणार. मग वहिनीने तिला खोलीबाहेर छोटी तीनचाकी दिली, दोघं एकाच वेळी 'सायकल चालवतात', मधे बंद जाळीचं फाटक.

पहिल्या महिन्यात डाव्या पेडलमधून टकटक आवाज यायला लागला. दुकानाने पाठवलेल्या फिटिंगवाल्याने ते तिरकं आवळलं होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतात, घाईत माणूस जोर लावून बसवतो आणि आतले आटे मारतो. काका तसेच चालवत राहिले, "आवाज आहे, चालतंय ना." मी हात लावला तर पेडल डुगडुगत होतं. भर पायात निघालं असतं तर गुडघा गेला असता. कंपनीने थोडी टाळाटाळ केली, वहिनीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार टाकते म्हटल्यावर क्रँक, म्हणजे पेडल ज्यात बसतं तो दांडा, बदलून मिळाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणारा, विकणारा आणि सर्व्हिस देणारा, तिघांनाही जबाबदार धरायची सोय आहे, हे विक्रेत्यांना ठाऊक असतं.

काका आता रोज दोन हप्त्यांत मिळून अर्धा तास सायकल मारतात, तेही धाप न लागता, माझ्याशी तक्रारी करत करत. गुडघ्याचं आखडणं कमी झालं. वजन फारसं हललं नाही, दिवाळीचा फराळ त्याला कारण. पण सायकलने हाडांवर भार येत नाही, तोलही सुधारत नाही, म्हणून बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये भिंतीच्या बाजूने फेऱ्या ठेवल्यात, सकाळी लोक ऑफिसला गेल्यावर. ट्रेडमिलचा जो खरा फायदा होता तो यातून थोडासाच भरून निघतो, हे मान्य करायला हवं.

दादा सायकलवर एक आठवडा बसला. नंतर जिमला नाव घातलं.

वेगळं काय करता आलं असतं

दादाचं आजही म्हणणं आहे की ट्रेडमिल हॉलमध्ये ठेवली असती तर जमलं असतं. त्यात तथ्य आहे. हॉलमध्ये सोफा हलवून मागे दोन मीटर निघत होते, चावी काढून वरच्या कप्प्यात ठेवली तर चिमीला पट्टा चालू करता आला नसता, आणि काकांना माझ्यासमोर महिनाभर सराव दिला असता तर तीनच्या वेगावर ते सैल चालायला लागलेही असते. हे आम्ही नीट बोललोच नाही, दुकानातल्या त्या दोन मिनिटांनंतर सगळ्यांचा मूडच बदलला. माझं मत तरी सायकलच्याच बाजूने पडलं असतं, कारण चावी वरच्या कप्प्यात ठेवायची शिस्त ज्या घरात गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करायला विसरतात तिथे किती टिकेल याची मला शंका होती. पण तो पर्याय मांडून मग बाजूला ठेवायला हवा होता.

विजेची तपासणी उलट्या क्रमाने झाली. सायकल घ्यायचं ठरल्यावर दादाने सहज इलेक्ट्रिशियनला बेडरूमचा सॉकेट दाखवला, तर बिल्डिंग जुनी, तीन भोकांचा सॉकेट पण अर्थिंगची वायर आत जोडलेलीच नाही. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला तर पेटलाच नाही. लोखंडी अंगाची मशीन, वर घामाने ओला माणूस, आणि अर्थिंग नाही. त्याच आठवड्यात अर्थिंग जोडून घेतलं आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला, गीझर आणि वॉशिंग मशीनसाठी तो तसाही हवाच होता. ट्रेडमिल घ्यायची असेल तर हे सेल बघायच्या आधी करायचं काम, आणि एक्स्टेंशन बोर्डवर ती लावायचीच नाही.

काकूंना स्लॅबची काळजी होती, खालच्यांच्या डोक्यावर पडू आपण. घरातल्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या भारासाठी धरतात, त्यामुळे चालण्यापुरता तो प्रश्न नव्हता, गळका आणि पोपडे धरलेला स्लॅब असेल तर गोष्ट वेगळी. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दादाच्या पळण्याबद्दल काय म्हटलं असतं हा मात्र वेगळा मुद्दा, तो कोणत्याही मानकात नाही.

डॉक्टरांचा फोन कार्ट भरायच्या आधी झाला असता तर निम्मा वाद वाचला असता, सायकल चालेल हे ते तेव्हाच म्हणाले होते. फिटिंगवाला असताना घरातलं कोणीतरी मॅन्युअल उघडून शेजारी उभं राहायला हवं होतं, त्या दिवशी काकू चहा करत होत्या आणि काका त्याच्याशी गावाकडच्या गप्पा मारत होते. फिटिंगनंतर पंधरा दिवसांनी सगळे नटबोल्ट परत आवळायचे असतात, ते मी माझ्या भेटीच्या वहीत लिहून ठेवते, इतर घरांसाठीसुद्धा.

आणि खोका. काकूंनी तो दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला दिला, घरात जागा कुठेय. क्रँक बदलायच्या वेळी कंपनीने सिरियल नंबरचा फोटो मागितला, खोक्यावरच्या स्टिकरचा. तो नंबर फ्रेमच्या पोटालाही असतो, त्यामुळे दादा फरशीवर उताणा झोपून सायकलच्या खाली मोबाईल घालून फोटो काढत होता आणि चिमीला वाटलं हा नवीन खेळ, ती पण शेजारी आडवी. फोटो तिसऱ्यांदा नीट आला, पहिल्या दोनमध्ये तिचा हात होता.